बंदूक ज्याची, गुरू त्याचा?

पुण्याचा पुतण्या गेल्या मे महिन्यात आला आणि ओटीवर बसल्या बसल्या म्हणाला, "काका, मला शिकार शिकायचीय. कुणी चांगला माणूस बघून द्या ना." पोरगं वाईट नाही. नोकरीला आहे, डोंगर चढतं, गाडीत दुर्बीण ठेवतं. पण त्याच्याबरोबर जो मित्र आला होता त्यानं लगेच आमच्याच तालुक्यातल्या एका फार्महाऊसवाल्याचं वर्णन सुरू केलं. "त्यांच्याकडं गन आहे, जीप आहे, छतावर लाइट लावलाय, सगळं शिकवतात." मी विचारलं, "काय शिकवतात?" तर मित्र हसला. म्हणाला, "काका, लाइट पडला की डोळे चमकतात. दोन डोळ्यांच्या मधे मारायचं. त्यात शिकवण्यासारखं काय आहे?"

बरोबर बोलला. त्यात शिकवण्यासारखं काही नाहीच. म्हणूनच मला हे लिहायचंय.

आधी कायद्याचं सांगून टाकतो, नाहीतर कुणी म्हणेल म्हातारा पोरांना वाट दाखवतोय. 1972 सालच्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. माझ्या मते ते बरंच झालं. उशिराच झालं. ससा, भेकर, मोर, डुक्कर, काही मारायचं नाही. शेतात घुसलेल्या डुकराचं काय करायचं याची परवानगी सरकार देईल तेव्हा, देईल त्या अटीवर. मी शेवटचा बार टाकला तो त्या कायद्याच्या आधी, आणि त्याचं दुःख मला नाही. माझं भांडण वेगळं आहे. शिकवणारा कोण, हे ओळखायची आमची अक्कल तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. तेव्हा बंदूक ज्याची तो गुरू होता. आज जीप ज्याची तो गुरू आहे.

माझंच सांगतो. 1969 साल. मी पंधरा वर्षांचा. आमच्या आळीत एक काका होते, त्यांच्याकडं पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. गावात त्यांचा केवढा मान! लग्नात पहिला पाट त्यांचा, होळीला पहिला नारळ त्यांचा. भिंतीवर भेकराची शिंगं टांगलेली. आम्ही पोरं त्यांच्या मागे मागे फिरायचो. दारू किती भरायची, वर चिंध्यांचा बोळा कसा ठासायचा, शिशाचे तुकडे किती टाकायचे, टोपी कधी चढवायची, हे सगळं त्यांनी मला दोन संध्याकाळीत शिकवलं. झालं शिक्षण. तिसऱ्या रात्री मी शिकारी!

दिवाळीच्या आधीचे दिवस. गरवं भात पिवळं पडत होतं आणि डुकरं रोज रात्री खाचरं तुडवत होती. आम्ही बांधावर माळ्यात बसलो. काका विडी ओढत होते. वारा आमच्या पाठीवरून शेताकडं जात होता, हे मला आज कळतं. तेव्हा मला वारा म्हणजे फक्त गार वाटणारी गोष्ट होती. तरी एक डुक्कर आलंच. काकांनी बॅटरी मारली, मी बार टाकला. किंकाळीसारखा आवाज झाला आणि करवंदीच्या जाळ्यांकडं काहीतरी धडधडत गेलं.

"लागली!" काका म्हणाले. माझ्या पाठीवर थाप मारली. सकाळी आम्ही बांधावर रक्त बघितलं, काळपट, त्यात चावलेल्या भाताचा चोथा. काका म्हणाले, "मरंल कुठंतरी. वास सुटला की कळंल." आणि चहाला घरी गेले. मीही गेलो. त्या दिवशी आळीत मला डुक्कर मारलेला पोरगा म्हणून चार जणांनी विचारलं आणि मी छाती काढून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कातकरवाडीवरची एक बाई फाटीला गेली होती. त्या डुकरानं तिची मांडी फाडली. ती वाचली. पण पुढं जन्मभर पाय ओढत चालली. मी तिला साठीपर्यंत बघितली आहे. बाजाराला जाताना आमच्या घरावरून जायची, आणि दर वेळी मी काही ना काही कामाला घरात वळायचो.

संध्याकाळी तिचा सासरा आमच्या आळीत आला. वाडीवरचा म्हातारा, त्याला सगळे आजा म्हणायचे. भांडायला आला नव्हता. अंगणाच्या कडेला उभा राहून एवढंच विचारलं, "बार कोनी टाकला?" काका ओटीवर होते. सुपारी कातरत होते. बोलले नाहीत. मी बोललो. कशामुळं बोललो ते माहीत नाही, धाडस बिडस नव्हतं, मला उलटी यायला झाली होती. आजा माझ्याकडं बघून म्हणाला, "चल."

अंधार पडायच्या आत जेवढं चाललो तेवढं चाललो, उरलेलं दुसऱ्या दिवशी उजाडता. त्याच्याकडं एक भाला आणि कोयता. बंदूक नाही. जिथं मला नुसतं गवत दिसत होतं तिथं त्याला अख्खी हकीकत दिसत होती. गवताच्या पात्याला रक्त कुठल्या उंचीला लागलंय त्यावरून जखम कुठं आहे ते सांगितलं. "छातीत लागलं तर रगत लाल नि फेसाचं येतं. ह्यं पोटातलं हाय. पोटात लागल्यालं जनावर लगेच मरत नाय. त्याच्यामागं लगेच पळायचं पन नाय, आनि त्याला टाकून घरी पन जायचं नाय." शेवटचं वाक्य त्यानं माझ्याकडं न बघता म्हटलं.

डुक्कर जाळीत सापडलं, पडलेलं, पण जिवंत. आजानं मला दूर एका झाडावर चढायला लावलं आणि त्यानं ते संपवलं. मग मला खाली बोलावलं, माझा हात धरला आणि जिथं माझं शिसं घुसलं होतं तिथं ठेवला. गरम होतं. दोन रात्री आणि एक दिवस ते तसं फिरत होतं. तो काही बोलला नाही. मटण वाडीवर गेलं. आमच्या बापानं दोन मण भात पाठवलं. काकांनी काही पाठवलं नाही. उलट परवान्याची भानगड नको म्हणून चार दिवस मामाच्या गावाला जाऊन बसले. होळीचा नारळ पुढच्या वर्षीही त्यांचाच.

मी वाडीवर जायला लागलो. शिकव म्हटलं. आजानं पहिल्या पावसाळ्यात फक्त खेकडे धरायला नेलं. पंधरा-सोळा वर्षांचा मी, बार टाकलेला, आणि हा मला ओढ्यात हात घालायला लावतोय! बिळात हात घालायचा तर तळवा वरच्या बाजूला, नांगी कुठं असेल त्याचा अंदाज घेऊन. ओल्या बिळाच्या तोंडाशी ताजी माती आहे का बघायचं. धरलेला खेकडा आधी उलटा करायचा. पोटाखालच्या झाकणात मोहरीसारखी अंडी किंवा बारकी पिल्लं असली की सोडायची मादी, मग ती कितीही मोठी असो. एकदा मी तशी एक टोपलीत टाकली. त्यानं सगळी टोपली ओढ्यात उपडी केली. दोन तासांचं काम. मी रडकुंडीला आलो. तो पुढं चालायला लागला होता.

भातकापणी झाल्यावर उंदरांची बिळं. बिळाला तोंडं किती, धूर कुठून घालायचा, कुठली तोंडं बुजवायची, आत साठवलेलं भात कुठं असतं. मग थंडीत नुसता माग. सशाच्या लेंड्या, भेकराचे खूर, डुक्कर लोळणीतून उठून कुठल्या झाडाला अंग घासतं आणि चिखलाची रेघ किती उंच लागते. उन्हाळ्यात पाणवठ्यावर रात्र रात्र बसायचं. हातात काही नाही, काठी पण नाही. बसायच्या आधी चिमूटभर राख सोडून वारा बघायचा. विडी नाही. मी विचारलं, "आजा, मारायचं नाय तर बसायचं कशाला?" तो म्हणाला, "तुला कोन येतं नि कोन येत नाय ह्ये ठावं हाय का? मंग काय मारशील?" एका रात्री डुकरीण आली, मागे पट्ट्यापट्ट्यांची सात पिल्लं. माझ्यापासून वीस पावलांवर. त्या रात्री मला पहिल्यांदा डुक्कर दिसलं असं मी म्हणतो. आधी बार टाकला होता तेव्हा दिसले होते ते दोन डोळे.

पूर्ण अडीच वर्षं झाली तेव्हा त्यानं मला बंदूक घेऊन चल म्हटलं. त्यानंतर मी त्याच्याबरोबर तीन डुकरं मारली. तीनच. आणि सोडली किती ती मोजली नाहीत.

आता कुणी म्हणेल, म्हातारा आजाला देवमाणूस करून बसलाय. नाही हो. आजा दारू प्यायचा. मधाला पाणी लावून विकायचा आणि वर शपथ घ्यायचा. मोर मारलेला मला माहीत आहे. उन्हाळ्यात आटलेल्या कोंडीत गेळाची फळं कुटून टाकून मासे झिंगवायचा, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ती एकच कोंड, आणि वरचा डोह त्यानं कधी बाटवला नाही, कारण पुढच्या पावसात मासे तिथूनच येणार हे त्याला माहीत होतं. आज आमच्याच आळीतली पोरं त्या डोहात ब्लीचिंग पावडर ओततात. बॅटरीची, इन्व्हर्टरची तार सोडून करंट देतात. वलगणीला पहिल्या पावसात पोटं अंड्यांनी टचटचलेले मासे ओढ्यातून खाचरात चढतात, तेव्हा ओढ्याला आडवं जाळं लावून एकूण एक उचलतात आणि मोबाईलवर फोटो टाकतात. त्यांना कुणी शिकवलं? आम्हीच. आम्ही त्यांना मोठं मोठं ढीग लावलेलं दाखवून सांगितलं, बघ, केवढी शिकार! रिकाम्या हातानं परत आलेल्या माणसाची गोष्ट आमच्या ओटीवर कुणी कधी सांगितलीच नाही.

शहरातल्या प्राणिप्रेमी मंडळींनाही दोन शब्द सांगायचेत. तुमच्या लेखी शिकारी म्हणजे खाटीक. आजाही खाटीक आणि फार्महाऊसवालाही खाटीक. असं सरसकट केलं की सोपं पडतं. पण जंगलात वाघाचा माग काढायला, बिबट्या कुठल्या वाटेनं गेला ते बघायला माणूस लागतो, तो मग कुठून येतो? केरळात पेरियारच्या जंगलात एके काळी दालचिनीची साल चोरून विकणारे लोकच पुढं रखवालीला आणि वाट दाखवायला घेतले. ते शहाणपण होतं. चोराला पगार दिला म्हणून कुणी नाकं मुरडली असतील, पण जंगलाची वाट ज्याला पाठ, तोच तिची राखण करणार. आमच्याकडं वाडीवरचा माणूस रोजंदारीवर माग दाखवायला चालतो, कागदावर सही मात्र दुसऱ्याची.

जिम कॉर्बेटचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्यानं 1952 साली छापलेल्या 'माय इंडिया'त कुंवर सिंग नावाच्या माणसावर लिहिलंय. कालाढुंगीजवळच्या एका गावचा मुखिया, आणि त्या भागातला सगळ्यात तरबेज चोरटा शिकारी. कॉर्बेट पोर असताना या माणसानं त्याला जंगलात नेलं. पुढं तो अफूच्या पायी मरायला टेकला होता, तेही कॉर्बेटनं लपवलं नाही. साहेबाचा पोरगा, पण आपल्या गुरूचं नाव, गाव आणि खोट, तिन्ही लिहून ठेवलं. आमच्या भागात किती शिकारी होऊन गेले! त्यांच्या दिवाणखान्यात शिंगं आहेत, कातडी आहेत, पायाखाली जनावर ठेवून काढलेले फोटो आहेत. फोटोच्या कडेला अर्धा कापला गेलेला, उघडा, पागोट्याचा किंवा लंगोटीचा एक माणूस उभा असतो. त्याचं नाव विचारा. "असंच कुणीतरी वाडीवरचं." माग त्यानं काढला, जनावर त्यानं उठवलं, जखमी झालं तर जाळीत तो शिरला. बार तेवढा साहेबांचा, नाहीतर पाटलांचा.

एकलव्याची गोष्ट आपण पोरांना भक्तीची म्हणून सांगतो. रानातल्या पोराला गुरूनं दारात उभं केलं नाही आणि वर अंगठा मागितला. आमच्या गावात तर त्याच्याही पुढं मजल गेली. इथं रानातला माणूसच गुरू होता, शिकणारे आम्ही होतो, आणि तरी अंगठा त्याचाच गेला.

यात मी आलोच. मी कुठला साव? आजा आमच्या घरी यायचा तेव्हा अंगणात बसायचा. त्याची कपबशी वळचणीला खोचलेली असायची, कान तुटलेली. चहा पिऊन झाला की तो स्वतः विसळून परत तिथंच खोचायचा. मी त्याच्याकडून अडीच वर्षं शिकलो, त्याच्या झोपडीत नाचणीची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा खाल्ला, आणि एकदाही आईला म्हटलं नाही की त्याला ओटीवर बसू दे. गुरुपौर्णिमेला शाळेतल्या मास्तरांच्या पाया पडायला जायचो. मास्तर चांगले होते. पण माझ्या हातून त्यानंतर एकही जनावर अर्धमेलं सुटलं नाही, ते मास्तरांमुळं नव्हे.

आणि आजही मी त्याचं नाव इथं लिहीत नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. कॉर्बेटचं कौतुक करून स्वतः नाव लपवतो, हा काय प्रकार? प्रकार असा की आजाचा नातू वाडीवर राहतो. आजानं मला जे शिकवलं त्यातलं बरंचसं आज गुन्हा आहे. आमच्या भागात कुठं ससा गायब झाला की पहिली चौकशी वाडीवर होते. फार्महाऊसच्या फाटकात कुणी विचारायला जात नाही, तिथं कुत्रं असतं आणि आत साहेबांच्या ओळखीचे साहेब बसलेले असतात. केंद्र सरकारनं महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष दुर्बल म्हणून धरलंय, त्यात माडिया गोंड आणि कोलामांबरोबर कातकरी आहेत. नावापुढं एवढं मोठं बिरुद लागलेलं असून नातू दिवाळी झाली की बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो, उचल घेतलेली असते, आणि पाऊस लागायच्या आत परत येतो. पोरांची शाळा तिथंच सुटते. आजाची विद्या कुणाला द्यायची म्हटलं तरी आठ महिने तो घरीच नसतो.

तर पुतण्याला मी काय सांगितलं ते सांगतो. म्हटलं, त्या फार्महाऊसवाल्याला जाऊन आधी विचार, तुम्ही आजवर सोडलं काय काय? काय मारलं ते नको, ते तो न विचारताच सांगेल. मग विचार, जखमी होऊन सुटलेल्या जनावराच्या मागे शेवटी कधी गेला होता? गाडीतून उतरून, किती लांब, कुणाला बरोबर घेऊन? जो माणूस पहिल्याच दिवशी तुझ्या हातात बंदूक देतो तो तुला खूश करतोय, शिकवत नाही. जर्मनीसारख्या देशात शिकारीचा परवाना हवा तर लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा आणि नेमबाजी, सगळं पार करावं लागतं म्हणतात. आणि इथं जिथं शिकार मुळात बंद, तिथं शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारी सकाळी शिकारी व्हायचं?

मित्राला पटलं नाही. त्याचं तोंड वाकडं झालं. पुतण्या मात्र गप्प बसला, मग म्हणाला, "मग मी जाऊ कुणाकडं?"

म्हटलं, जून लागला की ये. आजाचा नातू तोवर भट्टीवरून आलेला असेल. तो खेकड्याला नेईल. दुसरं काही मागू नको, तो देणार नाही आणि देऊ नये. एका रात्रीचे पैसे ठरव, शहरात गाईडला देतोस तेवढे, घासाघीस करू नको. पहिल्या वर्षी खेकडे आणि माग, बास. टोपली उपडी केली तर चिडायचं नाही. परत आल्यावर दोघंही ओटीवर बसा, चहा मी करतो. कपबश्या फडताळात आहेत, सगळ्या कानाच्या. आणि ते जाड बूट घालून येऊ नको, ओढ्यात घसरशील.